ड्रॅगनचे हृदय, भुंग्याचे कवच: फँटसी ॲनिमेतील महाकाय रोबोंची घडण

कवचधारी (धागाकर्ता)

फँटसी ॲनिमेतील महाकाय रोबोंची चर्चा बहुतेक वेळा शिंगे, तलवारी आणि रंगसंगती यांपाशीच थांबते, असे या विभागातील जुने धागे वाचताना जाणवते. हा धागा काढण्यामागे माझा मुद्दा एकच आहे. ज्या जगात कारखाने नाहीत, विजेच्या मोटारी नाहीत, त्या जगात सात-आठ मीटर उंचीचा रोबो उभा करायचा असेल, तर तो कशापासून बनला या प्रश्नाचे उत्तर आरेखकाला आधी शोधावे लागते, आणि ते बहुधा एखाद्या जनावराच्या देहात सापडते. ज्याने ते नीट शोधले त्याच्या रोबोचे सांधे, पंख, चाल आणि जखमा या सगळ्यांत एक संगती येते. ज्याने ते टाळले त्याचा रोबो म्हणजे चिलखत घातलेले खोके राहते.

सर्वांत ठळक उदाहरण १९८३ सालच्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या ‘सेइसेन्शी डनबाइन’ या ४९ भागांच्या मालिकेचे आहे. निर्मिती सनराइज स्टुडिओची, दिग्दर्शन योशियुकी तोमिनो यांचे. बायस्टन वेल नावाच्या जगात ‘ऑरा बॅटलर’ ही यंत्रे लढतात आणि ती तिथल्या अजस्र प्राण्यांची कवचे व स्नायू वापरून बांधलेली असतात. ती घडवणारा शॉट वेपन हा पृथ्वीवरून तिथे पोहोचलेला तंत्रज्ञ आहे. म्हणजे ज्ञान आपल्याकडचे आणि माल तिथल्या रानातला. मूळ डनबाइनचे आरेखन स्टुडिओ नुए या गटाचे काझुताका मियाताके यांनी केले, आणि पुढील यंत्रांचे काम मुख्यतः युताका इझुबुची यांच्याकडे गेले. दोघांच्याही आरेखनात सपाट पत्रा आणि सरळ कडा जवळजवळ दिसत नाहीत. दंड, मांडी आणि पोटरी यांचे आकार फुगीर आहेत, एका कवचाची कड दुसऱ्याच्या खाली सरकते, पावलांना नखे आहेत आणि पाठीवर पातळ, पारदर्शक पंख उघडतात.

डनबाइनची उंची ६.९ मीटर ठेवलेली आहे. त्याआधी चारच वर्षांपूर्वी आलेल्या ‘गंडम’ मालिकेतील पहिल्या रोबोची उंची १८ मीटर होती, हे लक्षात घेतले की या निर्णयाचे महत्त्व कळते. सात मीटरच्या यंत्राशेजारी घोडेस्वार आणि किल्ल्याचा दरवाजा एकाच चौकटीत मावतात, चेहऱ्यांसकट. फँटसीतील सरदाराचे आपल्या यंत्राशी जे नाते असते, ते जहाजाच्या कप्तानापेक्षा घोडेस्वाराला जवळचे आहे, आणि ते नाते पडद्यावर येण्यासाठी हे माप आवश्यक होते. म्हणूनच याच मालिकेत पुढे वैमानिकाच्या बेभान क्रोधामुळे यंत्र राक्षसी आकाराचे होते तेव्हा तो बदल इतका अनैसर्गिक वाटतो.

दुसरे उदाहरण, आणि माझ्या मते या प्रकारातील सर्वांत विचारपूर्वक केलेले काम, म्हणजे १९९६ ची ‘तेंकू नो एस्काफ्लोने’. मालिका २६ भागांची, दिग्दर्शक काझुकी आकाने, मूळ कल्पनेत शोजी कावामोरी यांचा मोठा वाटा, आणि यंत्रांचे आरेखन किमितोशी यामाने यांचे. इथे ड्रॅगन आणि रोबो एकाच गोष्टीचे दोन टप्पे आहेत. फानेलिया राज्याच्या गादीवर बसण्यासाठी राजपुत्र वान याला ड्रॅगन मारून त्याच्या शरीरातून ‘ड्रॅगएनर्जिस्ट’ नावाचा खडा काढावा लागतो; तो खडा म्हणजे व्यवहारतः ड्रॅगनचे हृदय. त्यावर स्वतःचे रक्त लावून वान तो एस्काफ्लोनेच्या छातीत बसवतो आणि यंत्र जागे होते. मारलेल्या प्राण्याचे हृदय, मारणाऱ्याचे रक्त आणि तिसऱ्याच कोणी घडवलेला देह, अशी ही जुळणी आहे.

तपशिलात शिरले तर आनंद आणखी वाढतो. ‘गायमेलेफ’ म्हणवल्या जाणाऱ्या या यंत्रांत वैमानिक खुर्चीवर बसत नाही. तो छातीच्या पोकळीत उभा राहतो, हातपाय यांत्रिक बाह्यांत घालतो आणि त्याच्या हालचाली यंत्र मोठ्या करून दाखवते. त्यामुळे तलवारीचा वार खांद्यातून येतो आणि श्रमलेला वैमानिक म्हणजे रेंगाळणारे यंत्र, हे वेगळे सांगावे लागत नाही. पुढे रक्ताचा करार अधिक घट्ट होतो आणि यंत्राला झालेली इजा वानच्या अंगावर उमटू लागते. यंत्र ड्रॅगनच्या रूपात गेले की वान बाहेर येऊन त्याच्या पाठीवर उघड्यावर उभा राहतो आणि लगाम धरावा तशी पकड घेतो. काचेच्या आड सुरक्षित बसलेला वैमानिक आणि वाऱ्यात उभा असलेला स्वार यांतील फरक हा आरेखनाचा फरक आहे, पटकथेचा नव्हे.

सदस्यांनी आपापली उदाहरणे द्यावीत, आणि ‘मला हा आवडतो’ एवढ्यावर न थांबता कोणता सांधा, कोणते कवच, कोणती हालचाल, हे सांगावे, अशी विनंती आहे.

रानभुंगा

धाग्याबद्दल आभार. कीटकांचा थोडाफार अभ्यास असल्यामुळे डनबाइनच्या पाठीविषयी लिहितो.

आमच्याकडे सिंधुदुर्गात नारळाच्या बागायतदारांना गेंड्या भुंगा चांगलाच परिचित आहे, कारण तो माडाच्या कोवळ्या सुईत शिरून पाने कुरतडतो. जपानमध्ये मुले उन्हाळ्यात जो शिंगाडा भुंगा हौसेने पाळतात तो याच्याच कुळातला. या कुळातील भुंग्यांच्या पाठीवर दिसणारी कठीण ढालीसारखी जोडी म्हणजे मुळात पुढचे पंख आहेत, जे कडक होऊन आवरण बनले. उडण्याचे खरे काम मागचे पातळ पंख करतात. ते आवरणाखाली घडी घालून ठेवलेले असतात. भुंगा उडण्यापूर्वी ढाली वर उचलतो, घडी उलगडतो आणि मगच भरारी घेतो. डनबाइनच्या पाठीची मांडणी पाहताना मला हीच यंत्रणा दिसते: वर कठीण भाग, त्याखालून बाहेर येणारे पारदर्शक पंख. आरेखकाला यामुळे एक मोठी सोय मिळते. जमिनीवर लढताना यंत्राची बाह्याकृती आटोपशीर राहते, आणि उडताना ती एकदम दुपटीने पसरते.

कीटकाचा आधार घेण्याने सांध्यांचाही प्रश्न सुटतो. माणसाचा सांगाडा आत असतो आणि मांस बाहेर, कीटकाचे उलट. त्याचे कवच हाच सांगाडा असल्यामुळे प्रत्येक सांध्यापाशी कवचात फट असावीच लागते आणि त्या फटीत मऊ पडदा असतो. मध्ययुगीन चिलखतातही हेच घडते: काखेत, कोपराच्या आत आणि गुडघ्याच्या मागे लोखंड नसते, म्हणून तिथे कडीचे जाळे किंवा कातडे लागते. कीटक, सरदार आणि रोबो या तिघांचे कच्चे दुवे एकाच जागी येतात. लढाईच्या प्रसंगात भाला कुठे शिरणार हे प्रेक्षकाला न सांगता कळते ते यामुळेच.

ड्रॅगनबाबत मात्र एक तक्रार आहे. चार पाय आणि शिवाय दोन पंख असा सहा अवयवांचा ड्रॅगन पाठीच्या कोणत्या हाडांना पंख जोडतो, हे कोणी धड दाखवत नाही. पक्ष्याचा आणि वटवाघळाचा पंख म्हणजे बदललेला हात असतो, म्हणून दोन पाय व दोन पंख असलेला वायव्हर्न शरीरशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. सहा अवयवांना पर्यायच हवा असेल तर तो सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गोव्याकडे आणि खाली केरळपर्यंत आढळणाऱ्या उडत्या सरड्यात आहे. त्याचे चारही पाय शाबूत असतात आणि पंखाचा पडदा लांब झालेल्या बरगड्यांवर ताणलेला असतो. झाडावरून झाडावर तरंगत जाताना तो बरगड्या पसरतो आणि खोडावर टेकला की मिटतो. बरगड्या पंखासारख्या उघडणारा ड्रॅगन एखाद्या आरेखकाने मनावर घेतला, तर त्याची छाती उघडणारा रोबोही आपोआप सुचेल. वैमानिकाला बसायला जागा तिथेच आहे.

मधुरा_क

दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत, परंतु मूळ विधान मला एकांगी वाटते. रोबो कशापासून बनला याचे उत्तर दिलेच पाहिजे, हा आग्रह फँटसीवर विज्ञानकथेचा नियम लादतो.

‘मॅजिक नाइट रेअर्थ’ घ्या. क्लॅम्प या चित्रकारगटाची ही मालिका १९९४ ते १९९५ या काळात ४९ भागांत दूरचित्रवाणीवर आली. त्यातील माशिन हे देव आहेत. उमी या मुलीचा सेलेस हा पाण्यातील निळा ड्रॅगन आहे, आणि तिला वरल्यावर तोच चिलखतधारी महाकाय रूप घेतो. ड्रॅगनचे शेपूट कुठे गेले, मान कुठे घडी झाली, हे मालिका दाखवत नाही, आणि ते दाखवू नये हेच योग्य आहे. देव रूप बदलतो. त्याला बिजागऱ्या नसतात. आरेखकाचे कौशल्य इथे वेगळ्या ठिकाणी आहे: ड्रॅगनच्या मस्तकाची रेषा शिरस्त्राणात ओळखू यावी, रंग टिकावा, आणि मुलीच्या अंगावरील चिलखताची नक्षी व माशिनच्या चिलखताची नक्षी यांत नाते दिसावे. कथेत मुलींची चिलखते त्यांच्या मनोबलाबरोबर वाढत जातात, त्यामुळे हे नाते आरेखनात दिसणे अनिवार्यच होते.

त्याआधीचे ‘माशिन हीरो वातारु’ (१९८८) तर आणखी बोलके आहे. तिथे नायकाने शाळेत मातीचा रोबो बनवलेला असतो, आणि सोनेरी ड्रॅगन देवाच्या शक्तीने तो रोबो र्‍युजिनमारू म्हणून उभा राहतो. डोके मोठे, हातपाय आखूड, अंगाची ठेवण एखाद्या लहान मुलाची. शरीरशास्त्राच्या कसोटीवर तो एक पाऊलही टाकू शकणार नाही. तरी तो पटतो, कारण तो लहान मुलाच्या हातून मातीतून घडला आहे आणि तसाच दिसतो.

कवचधारी

मधुराजी, र्‍युजिनमारूचे उदाहरण तुम्ही माझ्या विरोधात दिले असले तरी ते मला माझ्याच बाजूचे वाटते. तो कशापासून बनला? मातीपासून, एका शाळकरी मुलाच्या हातून. आरेखनात तेच दिसते. माझा आग्रह विज्ञानाचा नाही. उगम दिसावा एवढाच आहे.

सेलेसबाबत तुमचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य आहे. मात्र त्यामुळेच की काय, माशिनच्या लढाया मला त्यातील पात्रांइतक्या लक्षात राहत नाहीत. ज्याला बिजागरी नाही त्याची बिजागरी मोडण्याची भीतीही नसते.

पडदानशीन

‘किकोकाई गॅलियन’ अजून कोणी काढली नाही याचे आश्चर्य वाटले. त्यातील तलवार लांब साखळीसारखी उलगडते, ती माझ्या मते या सगळ्या प्रकारातील सर्वांत सुंदर शस्त्र आहे. शिवाय त्यात घोड्याच्या धडाचे रोबोही होते ना? जाणकारांनी लिहावे. खेळणी विकण्याच्या दबावामुळे आरेखन बिघडते असे नेहमी म्हटले जाते, त्यात तथ्य किती?

कवचधारी

गॅलियन ऑक्टोबर १९८४ मध्ये सुरू झाली आणि २५ भागांत संपली. दिग्दर्शक र्‍योसुके ताकाहाशी, यंत्रांचे आरेखन कुनियो ओकावारा आणि पुन्हा इझुबुची. अर्धा माणूस, अर्धा घोडा अशी यंत्रे त्यात आहेत, आणि पंख असलेलीही आहेत. मुख्य रोबोची तलवार तुकड्यातुकड्यांची असून आत तार असावी तशी उलगडते आणि चाबकासारखी फिरते. जपानी चाहत्यांत या प्रकारच्या शस्त्राला आजही याच रोबोच्या नावाने ओळखतात. या तलवारीचा आकार मला ड्रॅगनच्या शेपटीचा वाटतो: मणक्यांची रांग, टोकाला पाते. रोबोला शेपूट दिले तर तो हास्यास्पद दिसण्याचा धोका असतो. तेच शेपूट हातात दिले की शस्त्र होते. १९८६ मध्ये याच जगावर आधारित जो स्वतंत्र व्हिडिओपट निघाला, त्यात इझुबुचींनी हे सारे आकार पुन्हा काढले, अधिक काळे, अधिक अणकुचीदार आणि अधिक प्राणिवत. दूरचित्रवाणीच्या साप्ताहिक वेळापत्रकातून आणि खेळण्याच्या साच्यातून सुटका झाल्यावर आरेखक कुठे जातो, हे पाहण्यासाठी ही जोडी समोरासमोर ठेवावी.

खेळण्यांबद्दल सांगायचे तर, डनबाइनचा प्रायोजक क्लोव्हर ही खेळणी बनवणारी कंपनी होती आणि ती १९८३ मध्ये, मालिका चालू असतानाच, दिवाळखोरीत गेली. गोल आकार, बारीक पाय, पातळ पंख ही ओतीव धातूच्या खेळण्यासाठी अडचणीचीच रचना आहे. मालिकेच्या उत्तरार्धात नायकाला बिलबाइन हे नवे यंत्र मिळते. ते रूपांतर करून उड्डाणयंत्र बनते, रंग ठळक आहेत, रेषा सरळ आहेत. बाकीच्या ऑरा बॅटलरांच्या रांगेत ते उभे केले की ते दुसऱ्याच जगातून आल्यासारखे दिसते. तरीही खेळण्यांच्या दबावाला सरसकट दोष देणे मला पटत नाही. खेळणे खरोखर वळले पाहिजे, खरोखर उभे राहिले पाहिजे, ही अट असल्यामुळेच अनेक आरेखकांना सांध्यांचा विचार करावा लागला. कावामोरी रूपांतराच्या कल्पना लेगोच्या ठोकळ्यांनी जुळवून पाहतात हे सर्वश्रुत आहे, आणि एस्काफ्लोनेच्या मुळाशी ही सवय आहे.

१९८८ चा तीन भागांचा नवा डनबाइनही याच संदर्भात पाहावा. त्यातील इझुबुचींचा सर्बाइन इतका सडपातळ आणि इतका जिवंत आहे की त्याला यंत्र म्हणवत नाही. इझुबुची याच सुमारास ‘लोडोस’ च्या कादंबऱ्यांची चित्रे काढत होते, म्हणजे ड्रॅगन, एल्फ आणि तलवारबाज यांच्या जगात वावरत होते. त्याच लोडोसच्या १९९० च्या ॲनिमेत पात्रांचे आरेखन नोबुतेरु युकी यांनी केले आणि सहा वर्षांनी एस्काफ्लोनेतील पात्रेही त्यांनीच काढली. ड्रॅगन काढणारे आणि रोबो काढणारे हात वेगळे नव्हते.

रिगवाला

मी त्रिमितीय ॲनिमेशनमध्ये रिगिंग करतो, म्हणजे पात्राच्या आत हाडे बसवून ते हलवता येईल असे करतो. त्यामुळे हा धागा माझ्या रोजच्या कामाचा आहे. हाताने काढण्याच्या काळातील आणि आजच्या अडचणी वेगळ्या आहेत, आणि त्याचा आरेखनावर थेट परिणाम झाला आहे.

सेलच्या, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर हाताने चित्रे रंगवण्याच्या काळात प्रत्येक रेषेची किंमत होती. चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटी असतात. जपानी दूरचित्रवाणीत एक चित्र साधारण तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे. रोबोच्या छातीवर एक रेघ वाढवली तर ती त्या प्रसंगातील प्रत्येक चित्रात, अनेक वेगवेगळ्या लोकांच्या हातून, वाढते. म्हणून ड्रॅगनचे सगळे खवले कोणी काढत नसे. मानेच्या वळणावर, खांद्यावर आणि मांडीवर चार-सहा खवल्यांचे पुंजके काढले की उरलेले अंग सपाट रंगात सोडता येते. प्रेक्षक ते मनातल्या मनात भरून घेतो. पोटावरील आडव्या पट्ट्यांचे काम आणखी वेगळे आहे. त्या पट्ट्यांच्या वक्रतेवरून शरीर कुठे वळले आणि किती गोल आहे हे समजते, म्हणजे त्या सजावट नसून मापाच्या खुणा असतात.

डनबाइनसारखे गोल आकार हाताने काढणे चौकोनी रोबोपेक्षा अवघड असते, हे सहसा लक्षात येत नाही. खोक्याच्या कडा सरळ असल्याने ते चुकीच्या कोनात काढले तर लगेच कळते आणि सुधारता येते. फुगीर कवचाला तशी कड नसते. प्रत्येक चित्रकाराच्या हातून ते थोडे वेगळे फुगते आणि पडद्यावर यंत्र श्वास घेतल्यासारखे हलत राहते. प्राणिज यंत्राला तो दोष शोभून दिसतो, हा भाग वेगळा!

संगणकावर चित्र उलटे झाले. खवले फुकट मिळतात, पण कवचे एकमेकांत घुसतात. सर्वांत त्रासाची जागा खांदा. हात वर उचलला की खांद्यावरचे कवच एक तर मानेत शिरते किंवा हवेत तरंगते. रूढ उपाय असा की त्या कवचाला स्वतंत्र हाड द्यायचे आणि हात जितका फिरेल त्याच्या साधारण निम्मेच ते फिरवायचे. आरेखकाने पहिल्यापासून कवचाखाली मोकळी जागा आणि कवचाला टांगण्याचा बिंदू दाखवला असेल तर हे काम सुरळीत होते. नसेल तर आम्ही कॅमेरा वळवण्याची विनंती करतो.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला जोडून एक नाव सुचवतो: मामोरु नागानो. १९८४ च्या ‘एल-गाइम’ मध्ये त्यांनी रोबोचा आतील सांगाडा आणि बाहेरील कवच यांचा वेगळा विचार केला. आधी हाडे, मग कवच, हा क्रम आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आज गृहीत धरलेला आहे. त्यांनी तो कागदावर केला. पुढे त्यांच्या ‘फाइव्ह स्टार स्टोरीज’ मधील बारीक कमरेची, प्रचंड खांद्यांची यंत्रे शक्य झाली ती यामुळेच, कारण कंबर बारीक ठेवण्यासाठी भार कुठून खाली जातो ते आधी ठरवावे लागते.

आणखी एक गोष्ट केपविषयी. एस्काफ्लोनेच्या पाठीवरील केप राजबिंडी दिसते हे खरे, परंतु तिचे काम मापाचे आहे. कापड जितके सावकाश हलते तितके ते मोठे वाटते. धातूचा देह हलताना आकाराचा अंदाज येत नाही. केपची लाट पाहिली की येतो. त्याच मालिकेतील झैबाख या शत्रुसाम्राज्याच्या आल्सेइडेस यंत्राला तर केप हेच शस्त्र आहे, ती अंगाभोवती घेतली की यंत्र अदृश्य होते.

खवलेकरी

इथे सगळे जण ड्रॅगन म्हणजे पंख असलेला, अवजड, पाश्चात्त्य प्राणी असे धरून चालले आहेत. जपानमध्ये तो आयात आहे. तिथला मूळ ड्रॅगन चीनमधून आलेला, सापासारखा लांब आणि बहुधा पंखहीन. हान काळातील वांग फू यांच्या नावावर सांगितली जाणारी नऊ साम्ये प्रसिद्ध आहेत: हरणाची शिंगे, उंटाचे डोके, सापाची मान, शिंपल्याचे पोट, माशाचे खवले, गरुडाची नखे, वाघाचे पंजे, बैलाचे कान आणि डोळे पिशाच्चाचे. ही यादी म्हणजे आरेखनाची सूचनापत्रिकाच आहे. चीनमध्ये पाच नखांचा ड्रॅगन सम्राटासाठी राखीव झाला, तर जपानी चित्रांत सहसा तीन नखे दिसतात.

असा ड्रॅगन रोबोत बदलणे फार कठीण आहे, कारण त्याला धड नाही. सारी मानच मान, सारे शेपूटच शेपूट. म्हणून यंत्र होणारा ड्रॅगन जवळजवळ नेहमी युरोपीय ठेवणीचा निघतो. त्याला छाती, खांदे आणि मांड्या असतात, म्हणजे उभे केले की माणूस तयार. पूर्वेकडील ड्रॅगन रोबोत येतो तो आत्म्याच्या रूपाने, जसा र्‍युजिनमारूत.

पूर्वेकडील ठेवणीचा सर्वोत्तम ॲनिमे ड्रॅगन माझ्या मते २००१ च्या ‘सेन तो चिहिरो’ या चित्रपटातील हाकू आहे. जखमी हाकूच्या तोंडात चिहिरो औषध कोंबते त्या प्रसंगासाठी दिग्दर्शक मियाझाकींनी चित्रकारांना कुत्र्याचा जबडा पाहायला लावला होता. त्यामुळे ओठांची घडी, हिरड्या आणि जबडा आवळण्याचा जोर हे सारे खरे वाटते. काल्पनिक प्राण्याचा एकच अवयव खऱ्या प्राण्याकडून आणला तरी बाकीचा देह त्याच्या आधाराने उभा राहतो.

मानेखालच्या उलट्या खवल्याचीही नोंद घ्यावी. ड्रॅगनच्या गळ्याखाली उलट दिशेने वाढलेला खवला असतो आणि त्याला हात लावणाऱ्याला तो ठार करतो, हे ‘हान फेइझी’ या प्राचीन चिनी ग्रंथात आले आहे. २०२४ मध्ये ट्रिगर स्टुडिओने केलेल्या ‘डंजन मेशी’ त लाल ड्रॅगनला मारण्याची सारी योजना या एका खवल्याभोवती रचलेली आहे. ड्रॅगन दिसायला पूर्ण युरोपीय, कच्चा दुवा मात्र चिनी. त्याच्या आगीलाही शरीरशास्त्र आहे: अंगात साठवलेले इंधन आणि ते पेटवण्यासाठी जिभेची टिचकी, त्यामुळे टिचकीचा आवाज आला की पळायला क्षणभर मिळतो. याच मालिकेत चालती चिलखतेही आहेत, आणि ती शिंपल्यांसारख्या मऊ प्राण्यांची वसाहत निघते. प्रत्येक पत्र्यात एकेक जीव राहतो आणि सगळे मिळून योद्ध्याचे सोंग घेतात. रानभुंगा यांनी सांगितलेल्या बाहेरच्या सांगाड्याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

मधुरा_क

चालत्या चिलखतांचे उदाहरण बिनतोड आहे. मात्र ते विनोदी अंगाने येते, हेही ध्यानात घ्यावे. उगमाचा इतका तपशील दिला की भव्यता कमी होते आणि कुतूहल वाढते. ‘डंजन मेशी’ ला कुतूहलच हवे आहे. एस्काफ्लोने प्रथम जागा होतो तेव्हा मला त्याची हाडे मोजायची नसतात.

अवांतर: ‘इव्हॅन्जेलियन’ ही रोबोंची मालिका कोणी चर्चेत आणू नये. तिथेही चिलखताखाली देह आहे हे मान्य, परंतु एकदा ते नाव निघाले की धागा परत येत नाही.

पडदानशीन

अनुमोदन. त्याऐवजी ‘नाइट्स अँड मॅजिक’ (२०१७) विषयी कोणी लिहील का? १३ भाग पाहिले. यंत्रांच्या आतले इतके दाखवणारी दुसरी मालिका पाहण्यात नाही.

रिगवाला

लिहितो. त्यातील ‘सिल्हूएट नाइट’ यंत्रांची बांधणी थरांची आहे: धातूचा सांगाडा, त्यावर स्नायूंचे काम करणारे स्फटिकतंतू, बाहेर चिलखत, आणि ऊर्जेसाठी ईथर अणुभट्टीसारखे यंत्र. नायक एर्नेस्ती पहिल्यांदा जी सुधारणा सुचवतो ती दिसायला किरकोळ आहे. तंतू सरळ न ठेवता दोरासारखे पिळायचे, म्हणजे ताकद वाढते. त्याचा परिणाम लगेच दिसतो: यंत्र जोरकस होते, पण ऊर्जा भराभर संपते आणि जुना सांगाडा त्या ओढीला पुरत नाही. एक अवयव सुधारला की दुसरा कमजोर ठरतो, ही साखळी मालिकाभर चालते. गॅलियनमधील घोड्याच्या धडाची कल्पनाही इथे परत येते, आणि मागचे दोन पाय चालवायला अधिक ऊर्जा व दुसरा वैमानिक लागतो हा हिशेब मांडला जातो.

शेवटी नायकाचे इकारुगा हे यंत्र उभे राहते. त्याच्या छातीत मारलेल्या महाकाय श्वापदांच्या गाभ्यांपासून बनवलेली ऊर्जायंत्रे आहेत, म्हणजे एकवीस वर्षांनी एस्काफ्लोनेचीच रीत. त्याच्यासमोर शत्रूने आणलेले वायव्हर हे ड्रॅगनच्या आकाराचे उडते युद्धजहाज आहे. एका बाजूला प्राण्याच्या गाभ्यावर चालणारा मानवाकृती योद्धा, दुसऱ्या बाजूला ड्रॅगनचे रूप घेतलेले जहाज. रिगिंगच्या नजरेने पाहता या जहाजाची मान मला सर्वांत धीट वाटली. जहाजाला मान लागत नाही. तोफ वळवायला फिरता बुरूज पुरतो. पण मान आहे म्हणून आगीचा झोत येण्याआधी ते डोके मागे खेचते, आणि समोरच्या वैमानिकाला बाजूला सरकायला तेवढाच वेळ मिळतो. तोफखान्याच्या दृष्टीने हा सरळ तोटा आहे. आरेखकाने तो पत्करला, कारण त्याला लढाई जहाजाशी दाखवायची नव्हती.